चार औषधं चालू, तरी बीपी खाली येईना: कार्डिॲक रिहॅबमधल्या एका काकींचं प्रकरण

पार्श्वभूमी

या केसमधल्या बाईंना मी इथे काकी म्हणते, सेंटरवरही सगळे त्यांना काकीच म्हणायचे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव, घरची माणसं यातलं थोडंफार बदललंय.

काकी बासष्ट वर्षांच्या, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या एका गावातल्या. नवरा काही वर्षांपूर्वी गेला, घरी मुलगा, सून आणि नात. बीपी पंधरा वर्षांचं, शुगर दहा वर्षांची, आणि दोन्ही गुडघे झिजलेले. मार्चमध्ये छातीत भरून आलं, हार्ट अटॅक निघाला, अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट पडले. हार्टचं पंपिंग ५० टक्के, म्हणजे घाबरण्यासारखं नाही. मेच्या शेवटी म्हापशाकडच्या आमच्या रिहॅब सेंटरमध्ये यायला लागल्या, आठवड्यातून तीन दिवस, बारा आठवड्यांचा कोर्स. मी तिथे फिजिओ आहे.

कार्डिॲक रिहॅब, म्हणजे हार्टच्या आजारानंतरचं पुनर्वसन, हा नुसता व्यायाम असं बऱ्याच जणांना वाटतं. व्यायाम आहेच, पण आधी बीपी, पल्स, शुगर बघायची, व्यायाम चालू असताना आणि संपल्यावर परत बघायची, शिवाय खाणं, औषधं, झोप, भीती या सगळ्यावर बोलणं. डॉक्टरांकडे पेशंट महिन्यातून एकदा पाच-दहा मिनिटं जातो, आमच्यासमोर तो आठवड्यातून तीनदा तासभर असतो. काकींच्या केसमध्ये हाच फरक कामाला आला.

डिस्चार्जच्या कागदावर बीपीसाठी चार औषधं होती. टेल्मिसार्टन ८०, अम्लोडिपिन ५ आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ (लघवी वाढवणारं) ही तिन्ही मिळून एकच गोळी, सकाळी. मेटोप्रोलॉल ५०, ठोकेही मंद करणारी, वेगळी, रात्री. अम्लोडिपिन पूर्वी १० केली होती तेव्हा पाय सुजले म्हणून परत ५ वर आणलेली. बाकी रक्त गोठू न देणाऱ्या ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर, कोलेस्टेरॉलची आणि शुगरची गोळी.

अडचण काय होती

पहिल्या दिवशी बसल्या जागी १७२/९६. नवीन जागा, बसचा प्रवास, मनात धाकधूक, म्हणून त्या आकड्याला फार महत्त्व दिलं नाही. पुढच्या वेळी १६८/९४, मग १७६/९४, आणि तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी १८६/९८. आमच्याकडचा नियम असा की विश्रांतीत वरचं १८० च्या वर किंवा खालचं ११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. पंधरा मिनिटं शांत बसवून परत घेतलं तर १८२. डोकेदुखी नाही, अंधारी नाही, छातीत काही नाही, ईसीजी आधीसारखाच. म्हणजे इमर्जन्सी नव्हती, पण व्यायामही नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते. अशा वेळी जिभेखाली गोळी देऊन बीपी झटकन पाडायची जुनी सवय अजून काही ठिकाणी दिसते. ज्याला कसलाच त्रास होत नाहीये, आणि त्यातून ज्याच्या हार्टच्या नसांचा आजार आहे, त्याचं बीपी असं धाडकन पाडलं तर हार्टला किंवा मेंदूला रक्त कमी पडू शकतं, आकडा बघून समाधान वाटतं आणि नुकसान पेशंटचं होतं. काकींना तसलं काही दिलं नाही, मॅडमना म्हणजे आमच्या कार्डिओलॉजिस्टना फोन केला.

पुढच्या दोन आठवड्यांत अजून दोन सेशन असेच रद्द झाले. जूनचा पाऊस, गावातून पेडण्याला, तिथून दुसरी बस पकडून म्हापशाला, असं तासभर भिजत आलेल्या बाईला तपासून परत पाठवायचं. तिसऱ्यांदा पाठवलं तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या की माझ्याच्यानं हे व्हायचं नाही, बंद करूया. रिहॅब सोडून देणारे बरेचसे पेशंट साधारण असेच सुटतात, लांब अंतर आणि त्यात हाती काही लागत नाहीये ही भावना. म्हणून मला बीपीइतकीच ही काळजी होती.

तीन वेगवेगळ्या गटांची औषधं, त्यातलं एक लघवीचं, पेशंटला सोसेल तेवढ्या जास्तीत जास्त डोसमध्ये, आणि तरीही बीपी टार्गेटच्या वर, याला रेझिस्टंट हायपरटेन्शन म्हणतात. चौथं औषध लागून कंट्रोल झालं तरी ते याच नावात येतं. कागदावर काकी यात बसत होत्या. पण हे नाव लावायच्या आधी खोटं रेझिस्टंट बाजूला काढावं लागतं, म्हणजे बीपी चुकीचं मोजलं जाणं, दवाखान्यातच वाढणं, औषध पोटात न जाणं किंवा दुसरं काहीतरी औषधाच्या विरुद्ध काम करत असणं.

औषध पोटात जात नसेल अशी शंका आम्हाला लगेच आली नाही, त्याला कारण होतं. काकींची पल्स कायम ६० ते ६२, म्हणजे मेटोप्रोलॉल नक्की चालू आहे हे दिसत होतं. शिवाय दर वेळी विचारायचो, गोळ्या घेता ना काकी, आणि उत्तर यायचं, घेते गे बाये, एकही चुकवत नाही.

मॅडमनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कमी झालं की चढणारा आकडा, मार्चमध्ये ०.९ होतं ते आता १.३, आणि पोटॅशियम ५.१, म्हणजे जरा जास्तच.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता, अजून एक औषध. अशा पेशंटमध्ये पुढचं औषध कुठलं याला चांगला पुरावा आहे. २०१५ मध्ये ब्रिटनमधला पाथवे-२ नावाचा अभ्यास आला, त्यात स्पायरोनोलॅक्टोन, बिसोप्रोलॉल, डॉक्साझोसिन आणि औषधच नसलेली नुसती दाखवायची गोळी असं पाळीपाळीने देऊन बघितलं आणि स्पायरोनोलॅक्टोन सगळ्यांत सरस ठरलं. पण ते पोटॅशियम वाढवतं. टेल्मिसार्टनही वाढवतं. आधीच ५.१ असलेल्या, शुगर असलेल्या, किडनी थोडी दमलेल्या बाईला ते द्यायचं म्हणजे हार्टचे ठोके बिघडण्याची जोखीम, त्यामुळे मॅडम तिथेच थांबल्या.

दुसरा पर्याय, किडनीच्या नसांचा डॉपलर, म्हणजे नसांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. हार्टच्या नसांत चरबी साचलेल्या माणसाच्या किडनीच्या नसाही अरुंद असू शकतात, आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांपेक्षा जास्त चढलं तर ही शंका घ्यायचीच असते. इथे ते त्याहून जास्त चढलेलं. शंका अगदी वाजवी होती. मॅडमनी चिठ्ठीही लिहिली.

तिसरा, बीपी कंट्रोल होईपर्यंत रिहॅब थांबवणं. सुरक्षित वाटतं खरं, पण व्यायाम हा स्वतःच बीपीचा उपाय आहे. २०२१ मध्ये याच विषयावर दोन चांगले अभ्यास आले. पोर्तुगालच्या एका अभ्यासात रेझिस्टंट बीपीच्या पेशंटना बारा आठवडे एरोबिक व्यायाम दिला तर चोवीस तासांचं वरचं बीपी, व्यायाम न केलेल्या गटाच्या तुलनेत, साधारण ७ ने उतरलं. अमेरिकेतल्या ट्रायम्फ अभ्यासात तर आमच्यासारख्याच रिहॅब सेंटरमध्ये चार महिने आहार, वजन आणि व्यायाम असा एकत्र कार्यक्रम दिला, क्लिनिकमधलं वरचं बीपी १२.५ ने उतरलं, आणि ज्यांना फक्त सल्ला आणि माहिती दिली त्यांचं ७ ने. म्हणजे थांबवलं असतं तर आपण एक औषधच काढून घेतलं असतं.

चौथा पर्याय दिसायला सगळ्यात साधा आणि करायला वेळखाऊ, की काहीही वाढवायच्या आधी आहे ते नीट बघायचं. हे पर्याय मांडायला आम्ही मीटिंगला बसलो तेव्हा मॅडमनी एक प्रश्न विचारला आणि खरं तर तिथूनच केस फिरली. त्या म्हणाल्या, ही लघवीच्या गोळीवर आहे, ती गोळी पोटॅशियम खाली नेते, मग हिचं ५.१ कसं? एक तर ती गोळी पोटात जात नाहीये, नाहीतर पोटॅशियम वर ढकलणारं असं काहीतरी आहे जे आपल्या कागदावर नाही.

मग ठरलं, दोन आठवडे चौथा पर्याय. डॉपलरची चिठ्ठी तशीच ठेवायची, दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन परत बघून काय ते ठरवायचं.

काय केलं

सुरुवात मोजण्यापासून. काकींच्या दंडाचा घेर ३४ सेंटीमीटर निघाला आणि आमचा रोजचा पट्टा ३२ पर्यंतचा. पट्टा लहान असला की आकडा खोटा चढतो. २०२३ मध्ये यावर अमेरिकेत एक अभ्यास आला, मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचं बीपी सरासरी पाचेक पॉइंट जास्त दाखवतं, आणि ज्यांना एकदम मोठा लागतो त्यांच्यात हा फरक जवळजवळ वीसपर्यंत जातो. मोठा पट्टा लावला, पाच मिनिटं बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हार्टच्या उंचीला, आधी बाथरूमला जाऊन यायचं, आणि मोजताना एक शब्द बोलायचा नाही. हे शेवटचं काकींना सगळ्यात जड गेलं. दोन्ही हातांवर घेतलं, उजवा जास्त, म्हणून यापुढे उजवाच. एवढं करून आकडा थोडा उतरला पण १६० च्या वरच होता, तेव्हा खेळ फक्त पट्ट्याचा नव्हता.

मुलाला घरी मशीन घ्यायला लावलं, दंडावरचं, मोठ्या पट्ट्याचं. सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि रात्री जेवणाआधी दोनदा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी. घरी १३५/८५ च्या वर गेलं की जास्त धरतात. मुलगा नीटनेटका, वहीत तारीखवार लिहून आणलं. ती वही बघताना दिसलं की सगळे दिवस सारखे नाहीत. रिहॅबच्या दिवशी संध्याकाळचं बीपी १६८ च्या आसपास, बाकीच्या दिवशी १५० च्या आसपास. व्यायाम झाल्यावर काही तास बीपी उलट उतरलेलं असायला हवं, इथे ज्या दिवशी आमच्याकडे येतात त्याच दिवशी जास्त.

मग प्रश्न बदलला. गोळ्या घेता ना, असं विचारणं बंद केलं. त्याऐवजी, काकी, आज घरातून निघायच्या आधी काय काय खाल्लं आणि कुठली गोळी घेतली, ते सांगा. आणि पुढच्या वेळी येताना घरातल्या तुमच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, हार्टच्या असोत की कसल्याही.

उत्तर असं आलं. सकाळची गोळी घेतली की दोन-तीनदा लघवीला जावं लागतं, बसमध्ये काय करायचं? पेडण्याच्या स्टँडवर उतरले तर म्हापशाची बस चुकते. म्हणून रिहॅबच्या दिवशी ती गोळी दुपारी घरी गेल्यावर. दुपारी घरी जाऊन जेवून आडवं व्हायचं, मग कधी आठवायची, कधी दुसऱ्या दिवसावर जायची. त्यांच्या लेखी त्यांनी गोळी चुकवली नव्हती, पुढे ढकलली होती. आणि तिन्ही औषधं एकाच गोळीत असल्याने लघवीच्या भीतीने तिन्ही एकदम जात होती. एकत्र गोळीचा फायदा मोठा आहे, एरवी तीन लक्षात ठेवायला नकोत, पण ती राहिली की सगळंच राहतं ही दुसरी बाजू. मेटोप्रोलॉल रात्रीची असल्याने ती नियमित होती आणि म्हणून पल्स आम्हाला सगळं ठीक असल्याचं सांगत होती.

तरीही एवढ्याने सगळं सुटत नव्हतं. अम्लोडिपिन शरीरात बराच काळ टिकते, टेल्मिसार्टनही दिवसभर पुरते, काही तास उशीर झाला म्हणून १८६ होत नाही. आणि पोटॅशियमचं उत्तर यात अर्धंच होतं.

बाकीचं पिशवीत मिळालं. डब्यात नेहमीच्या गोळ्या, आणि तळाशी एक चंदेरी पट्टी, अर्धी संपलेली. एटोरिकॉक्सिब ९०. अटॅकच्या आधी कधीतरी गुडघ्यासाठी लिहून दिलेली, तीच चिठ्ठी दाखवून फार्मसीतून आणत होत्या. ही गुडघ्याची, हार्टची नव्हे, म्हणून सांगितली नाही. कधी घेता विचारलं तर म्हणाल्या, इकडे यायच्या दिवशी सकाळी, सायकल मारायला गुडघा चालायला नको का?

म्हणजे रिहॅबच्या सकाळी बीपीची गोळी नाही आणि पेनकिलर आहे. आमचा व्यायाम नीट व्हावा म्हणून ही बाई ती गोळी घेत होती.

ही गोळी इतकी महत्त्वाची का ते सांगते, कारण पेनकिलर आणि बीपी यांचा संबंध लोकांना माहीतच नसतो. किडनीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं असतात, ती किडनीकडे येणारी रक्ताची वाट मोकळी ठेवतात आणि मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करतात. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब ही औषधं तीच रसायनं दाबतात. मग मीठ-पाणी आत राहतं, बीपी चढतं, लघवीच्या गोळीचा आणि टेल्मिसार्टनचा जोर कमी पडतो. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि पेनकिलर ही तीन एकत्र आली की किडनीवर तिन्ही बाजूंनी ताण येतो, क्रिएटिनिन चढतं, पोटॅशियम चढतं. काकींचा रिपोर्ट ओळीने तेच सांगत होता. शिवाय युरोपच्या औषध-नियमांनुसार हार्टच्या नसांचा आजार असलेल्यांना आणि १४०/९० च्या वर बीपी राहणाऱ्यांना एटोरिकॉक्सिब द्यायचीच नाही. काकी दोन्हींत बसत होत्या. त्यात ॲस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू, म्हणजे पोटात रक्तस्रावाची जोखीम वेगळी.

गोळी त्याच दिवशी बंद. पण नुसतं बंद सांगून गुडघा राहत नाही, दोन दिवसांनी परत दुकानात जाणार. म्हणून त्याच सेशनमध्ये गुडघ्याचा प्लॅन बदलला, ट्रेडमिल काढली, पाठ टेकून चालवायची सायकल दिली, सीट लांब केली. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, मोठ्याने आकडे मोजत, म्हणजे श्वास कोंडला जात नाही, श्वास कोंडून जोर लावला की बीपी उसळी मारतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तीही लागेल तेव्हाच, रोज ठरवून नाही. एडिनबरामधल्या २०२२ च्या अभ्यासात बीपीच्या पेशंटना रोज चार ग्रॅम पॅरासिटामॉल दोन आठवडे दिली तर वरचं बीपी पाचेक पॉइंटने वाढलं होतं, आणि पाण्यात फसफसणाऱ्या गोळीत तर सोडियमही असतं. व्यायामाची तीव्रता पल्सवर ठरवली नाही, मेटोप्रोलॉलवर पल्स तितकी चढत नाही. थोडी धाप लागेल पण बोलता येईल, तेवढंच.

गोळ्यांची वेळ मॅडमनी बदलली. २०२२ मध्ये ब्रिटनच्या टाइम नावाच्या अभ्यासात एकवीस हजारांवर लोक होते, बीपीची गोळी सकाळी घ्या की रात्री, अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडला नाही. म्हणजे नेमाने घेतली जाईल ती वेळ चांगली. टेल्मिसार्टन-अम्लोडिपिन रात्री जेवल्यावर मेटोप्रोलॉलसोबत, आणि लघवीची गोळी वेगळी करून रोज दुपारी जेवल्यावर, बसचा प्रश्नच नाही. ती रात्री दिली असती तर अंधारात उठून बाथरूमला जाताना पडायची भीती.

आता मीठ. हा भाग आमच्या डाएटिशियनने जितका सांभाळून हाताळला तितका मी तरी क्वचित बघितलाय. गोव्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर किनाऱ्याला. त्याआधी मेमध्ये घरोघरी पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीचा साठा, भरून ठेवलेलं असतं, सुके बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, गालमो म्हणजे बारीक सुकी कोळंबी, मिस्कुट म्हणजे कैरीचं लोणचं, मिठाच्या पाण्यातली तोरां म्हणजे कैऱ्या. काकींच्या घरचं पुरुमेंत त्या स्वतः करतात, शेजारी पाठवतात, त्यांचा त्यात जीव आहे. रोज सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर मिठाचा खडा, सोबत भाजलेला खारा बांगडा आणि लोणचं. दुपारी हुमण म्हणजे आमटी, त्यात सुकी सुंगटं, बाजूला किसमूर म्हणजे सुक्या मासळीची कोशिंबीर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणते, म्हणजे जेमतेम एक चमचा, तो काकींचा सकाळच्या पेजेलाच बराचसा होऊन जात असणार.

खारें, म्हणजे खारवलेली मासळी, बंद करा असं सांगून चालणार नव्हतं. काकी सरळ म्हणाल्या, खारें नासल्यार पेज कशी वचतली? पेज तरी घशाखाली उतरायला हवी ना. मग बोलून बोलून असं ठरलं की पेजेत मीठ घालायचं नाही, खारें रविवारीच, तेही दोनदा पाणी बदलून भिजवून. बाकी दिवस पेजेसोबत तायखिळ्याची (टाकळ्याची) किंवा अळवाची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी लिंबू पिळून, कधी अंडं. लोणच्याची बरणी टेबलावरून उचलून फळीवर, त्याने खाण्यात बराच फरक पडतो. सुनेला त्यात घेतलं, नाहीतर घरात दोन स्वयंपाक होतात आणि दोन आठवड्यांत सगळं जुनं परत.

या बोलण्यातच पोटॅशियमचा उरलेला धागा हाती लागला. मुलाने मोबाईलवर व्हिडिओ बघून म्हापशाहून लो सोडियम मीठ आणलं होतं, आईसाठी चांगलं म्हणून. त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. एरवी हे मीठ चांगलंच आहे, चीनमध्ये २०२१ च्या मोठ्या अभ्यासात एकवीस हजारांच्या जवळपास लोकांवर त्याने स्ट्रोक कमी झाले. पण किडनीचा मोठा आजार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. टेल्मिसार्टन, किडनी थोडी बिघडलेली, पेनकिलर, वर रोज एक शहाळं, त्यातही पोटॅशियम, कारण भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं पाजा म्हणतो, या सगळ्यात ते मीठ काकींसाठी नव्हतं. मुलगा बिचारा खजील झाला, त्याला सांगितलं की हेतू अगदी बरोबर होता, फक्त आईच्या गोळ्यांशी जुळत नाही.

निकाल

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.०, पोटॅशियम ४.५. डॉपलरची चिठ्ठी मॅडमनी फाईलमध्येच ठेवली. घरच्या वहीची सरासरी १४३/८४, आणि रिहॅबचे दिवस आणि बाकीचे दिवस यातला फरक जवळजवळ गेला.

अटॅक आणि शुगर दोन्ही असलेल्या पेशंटला १४३ पुरेसं नाही. इथे दुसरा निर्णय आला. पोटॅशियम आता नॉर्मल, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोनचं दार उघडलं होतं. मॅडमनी तरी आधी लघवीची गोळीच बदलली, हायड्रोक्लोरोथायझाइडऐवजी क्लोर्थॅलिडोन १२.५. ती जास्त वेळ टिकते, बीपीवर जोर जास्त, आणि गोळ्यांची संख्या तेवढीच राहते. सोडियम-पोटॅशियम परत तपासलं, ठीक. ऑगस्टच्या शेवटी घरची सरासरी १३१/७८. वजन तीन किलो उतरलं, सायकल आठ मिनिटांवरून पंचवीस मिनिटांवर, आणि जुलैनंतर बीपीपायी एकही सेशन रद्द झालं नाही. पाचवं औषध लागलं नाही.

यात नेमकं कशाने किती उतरलं हे कोणी वेगळं करून सांगू शकणार नाही. माझा अंदाज असा की पेनकिलर बंद होणं आणि गोळी नेमाने पोटात जाणं यांचा वाटा मोठा, मग मीठ, आणि व्यायामाचा परिणाम हळूहळू मागून आला.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी काकींचा फोन आला. नेवऱ्या (करंज्या) करायला खाली बसून बसून गुडघा धरला होता, घरी पंधरा-वीस माणसं यायची होती, शेजारणीने तीच पट्टी आणून दिली होती, घेऊ का विचारत होत्या. नको म्हटलं, पॅरासिटामॉल घ्या, शेक घ्या, आणि उरलेल्या नेवऱ्या सुनेला स्टुलावर बसून करू द्या. घेतली नाही, नंतर वहीत दिसलंच. लोणची-पापड आणि गोडधोडाने चार दिवस आकडा १४० च्या घरात गेला, मग आपोआप खाली आला.

पुढच्या वेळी काय वेगळं

पिशवी पहिल्या दिवशी. इतक्या आठवड्यांनी जे कळलं ते पहिल्या आठवड्यात कळू शकत होतं, आणि काकींचे तीन फुकट प्रवास वाचले असते. आता नवीन पेशंटला फोनवरच सांगतो की घरातल्या सगळ्या गोळ्या, काढ्याच्या बाटल्या, चूर्णं, पोटाची-गुडघ्याची-सर्दीची जे काय असेल ते आणा. सर्दीच्या गोळ्यांतही बीपी वाढवणारी औषधं असतात. रोज ज्येष्ठमधाचा काढा घेणारे असतात, त्यानेही बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं, काकींच्या बरोबर उलट. काढा म्हणजे औषध नव्हे असं वाटतं, त्यामुळे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. दंडाचा घेर मोजायची टेप बीपी मशीनलाच बांधून ठेवली आहे. आणि सकाळी निघताना काय घेतलं आणि कसे आलात, हा प्रश्न फॉर्मवर आलाय. कसे आलात हे तितकंच महत्त्वाचं, कारण बस, टॉयलेट आणि लघवीची गोळी हा प्रश्न फक्त काकींचा नाही, लांबून येणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींचा असतो आणि त्या तो पुरुष डॉक्टरसमोर काढत नाहीत.

रद्द केलेल्या सेशनबद्दलही विचार केला. १८० च्या वर व्यायाम नाही हा नियम तसाच राहणार. पण व्यायाम नाही म्हणजे घरी जा असं नाही. त्या तासात डाएटिशियन, गोळ्यांची उजळणी, श्वासाचे व्यायाम, घरच्या मशीनची तपासणी होऊ शकते, आता तसं करतो. पेशंटचा प्रवास वाया जात नाही आणि बहुतेक वेळा कारणही त्याच तासात सापडतं.

दोन गोष्टी अजून व्हायच्यात. एक, अल्डोस्टेरॉन-रेनिनची, म्हणजे बीपी आणि शरीरातलं मीठ सांभाळणाऱ्या हार्मोन्सची तपासणी. खऱ्या रेझिस्टंट बीपीवाल्यांत साधारण पाचातल्या एकाला अल्डोस्टेरॉन जास्त असल्याचं निघतं, त्यामुळे ती आधीच करायला हवी होती का यावर आमच्यात मतभेद आहेत. मॅडमचं म्हणणं की पेनकिलर चालू असताना आणि मेटोप्रोलॉलवर तिचा आकडा फसवा आला असता, मला ते पटतं, पण बीपी परत चढलं तर पहिली तपासणी तीच.

दुसरी झोपेची. सून मागेच म्हणाली होती की आई इतक्या घोरतात की मध्येच श्वास थांबतो आणि नात घाबरून उठते. झोपेत श्वास थांबण्याचा आजार रेझिस्टंट बीपीत खूप आढळतो आणि आम्ही तो प्रश्न फारच उशिरा विचारला. स्लीप टेस्टची तारीख ऑक्टोबरमधली मिळालीय. काकी तोवर कुशीवर झोपतायत, आणि रिपोर्ट आला की रात्रीच्या गोळ्या मॅडम परत बघणार आहेत.